एक वीत बाहेर

लहानपणाबद्दल लिहा, असं मला सगळे सांगतात. चौथीतून नाव कमी झालं आणि बापानं मला हाताला धरून क्लबच्या मैदानावर नेलं, तिथं माझं लहानपण संपलं असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. चाळिशी उलटली तरी मी पोट्ट्यासारखाच होतो. माझं खरं, बाकीच्यांचं खोटं, एवढ्यावर माझं चालून जायचं. ते ज्या दोन वर्षांत सुटलं तेवढंच इथं लिहितो. त्या वर्षांत छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, आमचं रायपूर त्याची राजधानी झालं, आणि करुणा नावाची पोरगी माझ्या हाताखाली टेनिस खेळत होती.

बाप साहेब लोकांच्या क्लबात टेनिसची मैदानं राखायचा. मी चेंडू उचलायचो, आणि साहेब लोक चहाला बसले की फुटक्या रॅकेटनं भिंतीवर चेंडू मारायचो. भिंतीनं मला जेवढं शिकवलं तेवढं शाळेनं शिकवलं नाही. पुढं मुलींच्या कॉलेजात मैदान गवतानं भरून गेलं होतं, तिथल्या मोठ्या बाईंनी मला बोलावलं. मैदान नीट केलं, जाळी बांधली. पोरी रॅकेट भाजीच्या पळीसारखी धरायच्या ते बघवेना, म्हणून धरून दाखवली. पाच-सहा वर्षांत त्याच पोरी मला सर म्हणायला लागल्या आणि बाहेरगावी टीम घेऊन मीच जायला लागलो. कागदावर मी शेवटपर्यंत माळी होतो. कागद बदला असं मी कधी म्हटलं नाही. मागायची मला सवय नाही, आजही नाही.

मैदान शेणामातीचं होतं. बारीक मुरूम, वर पिवळी माती, आणि दर शनिवारी शेणाचा सडा. नव्या पोरी पहिले आठ दिवस नाकाला ओढणी लावायच्या, मग त्यांनाच त्या वासाशिवाय करमायचं नाही. सकाळी मी दगडी रूळ ओढायचो, त्याचा घर्र आवाज आमच्या पाऱ्यापर्यंत, सगळ्या मोहल्ल्यात जायचा. गोल बाजारातून चुना आणून भिजवायचो आणि रेघा मारायचो. मापाला बापाची सुती दोरी होती. जाळीपाशी एक टोक बांधायचं आणि दोरी मागं ओढत न्यायची. लाल चिंधीची गाठ आली की तिथं सर्विसची रेघ, काळ्या चिंधीची गाठ आली की तिथं मैदान संपलं. दोरी इतकी ताणायची की बोट मारलं तर ती वाजली पाहिजे, हे बापानं शिकवलेलं. मी टाचा रोवून ताणायचो, महिन्यातून दोनदा, वीस वर्षं. एकदा खेळाच्या मॅडमनी मला लोखंडी फीत आणून दिली. मी म्हटलं, "मॅडम, लोखंड उन्हात फुगते. सूत नाही फुगत." त्या हसल्या. फीत मी खोलीत खिळ्याला अडकवली, ती तिथंच राहिली.

कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून आमच्या दोन खोल्या. माझी बायको शांता वर्ध्याकडची. बोलायला कमी, पण बोलली की पुरून उरायची. पोरी खेळून आल्या की सरळ तिच्या चुलीपाशी घुसायच्या. रविवारी ती गोळाभात करायची. वरून हिंग-मोहरीचं कढत तेल ओतलं की चर्र वाजायचं, आणि अग्रवालांची, साहूंची, कुठल्या कुठल्या घरच्या पोरी "आंटी, और तेल" म्हणत ताट पुढं करायच्या. शांताची तक्रार एकच होती, वाट्यांची. मी मैदानाच्या शेवटच्या रेघेला चिकटून आतल्या बाजूला स्टीलची वाटी पालथी ठेवायचो आणि पोरींना म्हणायचो, चेंडू हिच्यावर पडला पाहिजे. समोरची बाई तितकी मागं गेली की तिचा चेंडू आपोआप लुळा येतो, हा माझा सगळा मंत्र. वाटीवर चेंडू बसला की टण् वाजायचं. चेपलेल्या वाट्यांत शांता वरण वाढायची आणि पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरचे भांडेबी टेनिस खेळतात."

करुणा पहिल्या दिवशी आली तेव्हा तिच्या पायात कॅनव्हासचे पांढरे बूट होते, भावाचे, पुढं कापूस कोंबलेले. बाप रेल्वेच्या कारखान्यात फिटर. भंडाऱ्याकडचे लोक, घरी मराठी बोलणारे, म्हणून ती मला सर न म्हणता काका म्हणायची. अंगानं काटकुळी, पण मनगटात काय होतं देव जाणे. चार महिन्यांत ती दहातले सात चेंडू वाटीच्या आसपास पाडायला लागली. मी वीस वर्षांत शंभरेक पोरी शिकवल्या असतील, असा हात दुसरा नाही पाहिला. हे मी आता सांगतो. तेव्हा तिच्या तोंडावर एकदाही बोललो नाही, पोरी फुगतात म्हणून.

दुसऱ्या वर्षी तिचा बाप माझ्या दारात आला. खुर्चीवर बसला नाही, उंबऱ्याशी उभा राहिला. म्हणाला, "भाऊ, सरळ सांगा. खेळून नोकरी भेटते का?"

मी म्हटलं, "राज्याच्या टीममध्ये आली तर भेटते. रेल्वेतच भेटते. तुमच्यापेक्षा वरच्या खुर्चीवर बसल."

"स्थळ आलं हाय. चांगलं हाय. पोट्टी नाई म्हणते."

"एक साल द्या मले."

त्यानं चपला पायात सरकवल्या. "एक साल," म्हणाला. "मंग तुमीबी तिले समजवाल." मी हो म्हटलं. करुणा आत शांताजवळ लसूण सोलत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. बाप गेल्यावर बाहेर येऊन म्हणाली, "काका, उद्यापासून मी सकाळी पाचाले येऊ का?" मी म्हटलं, "येत जा. रूळ ओढू लागशील."

आता भोपाळचं सांगितलं पाहिजे. राज्य एक होतं तेव्हा आमच्या पोरी भोपाळ, इंदूर, जबलपूरला खेळायला जायच्या आणि हरून यायच्या. खेळानं नाही हरायच्या. मारायच्या सुंदर, पण चेंडू रेघेच्या पुढं पडला म्हणून तिथला पंच हात वर करायचा. रेघेच्या पुढं चेंडू पडला की गुण समोरच्याचा. दर वर्षी तेच. गाडीत परत येताना पोरी रडायच्या आणि मी म्हणायचो, "आपण छत्तीसगढवाले. आपला चेंडू त्यांना बाहेरच दिसतो." रायपुरात हे मी एकटाच म्हणत नव्हतो. हॉकीवाले, कबड्डीवाले, नोकरीवाले, सगळे तेच म्हणायचे, म्हणून माझं कोणाला खोटं वाटलं नाही. आमच्या मैदानावर बाहेरच्या टीम आल्या की त्या हरायच्या. त्यांचे चेंडू मधेच पडायचे, मागं पोचायचेच नाहीत. मी म्हणायचो, यांच्यात दम नाही.

मग राजधानी झाली. सदर बाजारात फटाके इतके वाजले की दोन दिवस कानात भुणभुण होती. लाल दिव्याच्या गाड्या आल्या, भोपाळचे बाबू घरं शोधत आमच्या पाऱ्यात फिरायला लागले. कॉलेजच्या अर्ध्या खोल्यांत कुठलंसं सरकारी ऑफिस येऊन बसलं, टाइपरायटरची टकटक मैदानापर्यंत यायची. मला त्यातलं एकच कळत होतं. आता टीम आपली, मैदान आपलं, पंच आपला. नव्या राज्याची मुलींची पहिली टीम निवडायची होती, चार पोरी. निवड रायपुरातच, नव्यानं बांधलेल्या सिमेंटच्या मैदानावर. शांतानं त्या दिवशी सकाळी करुणाला दहीभात भरवला. करुणा तिच्या पाया पडून माझ्याही पडायला वाकली तर मी मागं सरलो. म्हटलं, "जिंकून ये, मंग पड."

भिलाईच्या एका पोरीशी तिचा सामना होता. जिंकेल ती टीममध्ये. शेवटच्या रेघेवर पंच म्हणून नायडूसाहेब बसले होते, रायपूरचेच, म्हातारे, जुने खेळाडू. त्यांच्या सरळपणाची गावात सगळ्यांना खात्री होती आणि मलाही होती. करुणानं पहिला चेंडू मारला तेव्हाच मला कळलं की आज तिचा हात लागलेला आहे. चेंडू खोल गेला, अगदी मागं. नायडूसाहेबांनी हात वर केला. बाहेर. दुसरा तसाच. तिसरा आत पडला, चौथा बाहेर. भिलाईची पोरगी काही करतच नव्हती, नुसती चेंडू परत टाकत होती आणि वाट बघत होती. पहिला सेट गेला.

बाजू बदलताना करुणा माझ्याजवळ आली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. हळूच म्हणाली, "काका, थोडं कमी मारू का? इथं बाहेर जाऊन राहिला."

आजपर्यंत मला कोणी काही विचारलं नसतं तरी चाललं असतं, पण तिनं हे विचारलं. आणि मी म्हटलं, "एक बोटबी कमी नाही. तुया चेंडू बरोबर हाय. म्हाताऱ्याले दिसत नाही."

"पण काका..."

"मी सांगून राहिलो न."

ती मान हलवून गेली आणि मी सांगितलं तसंच मारत राहिली. पोरगी मला उलटून बोलणारी नव्हती. दुसऱ्या सेटमध्ये तिचे किती चेंडू बाहेर गेले ते मी मोजले नाहीत. प्रत्येक वेळी ती मागं वळून माझ्याकडं बघायची आणि मी मूठ दाखवायचो, असाच मार. शेवटचा चेंडूही बाहेरच गेला. मी उडी मारून मैदानात शिरलो आणि नायडूसाहेबांना नको ते बोललो. शेणाच्या मैदानावर चेंडूचा ठसा उमटतो, सिमेंटवर उमटत नाही, म्हणून तुमचं फावतं, असं सगळ्या अधिकाऱ्यांसमोर बोललो. तुम्हीही भोपाळचेच निघालात, असंही बोललो.

ते रागावले नाहीत. फीत मागवली आणि माझ्यासमोर जाळीपासून रेघेपर्यंत मैदान मोजलं. एकोणचाळीस फूट, बरोबर. मग फीत गुंडाळत म्हणाले, "उस्ताद, एक बार अपना कोर्ट भी नाप लो."

त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी मोजलं. घरी आलो ते रागातच, खिळ्यावरची फीत ओढून काढली आणि शांताला म्हटलं, जाळीपाशी टोक धर. दुपारचं ऊन होतं. फीत अंथरत मागं गेलो, एकोणचाळीसचा आकडा आला, आणि माझी चुन्याची रेघ अजून पुढंच होती. मी खाली बसलो. फितीपासून रेघेपर्यंत हात ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, पूर्ण वीत. दुसऱ्या बाजूला जाऊन मोजलं, तिथंही तेवढीच. सूत ताणून ताणून वाढलं होतं, माझ्याच हातांनी. वीस वर्षं माझ्या पोरी एक वीत लांब मैदानावर शिकल्या. वाटी जिथं ठेवायचो ती जागाच बाहेरची होती. म्हणजे भोपाळचा पंच खरा होता, इंदूरचाही, आणि जबलपूरचाही.

शांतानं जाळीपासून विचारलं, "किती आलं?"

मी म्हटलं, "बरोबर आलं."

ती फीत सोडून चालत आली. माझा चेहरा बघितला, रेघ बघितली, खाली वाकून आपला हात ठेवला. तिची वीत पुरली नाही. उभी राहून पदरानं हात पुसत म्हणाली, "पोट्टीले सांगा. आजच सांगा."

मी सांगितलं नाही. मी त्याच दिवशी जुनी रेघ खुरप्यानं खरवडली, वर शेणमाती लिंपली आणि फितीनं मोजून नवी रेघ मारली. दोरी चुलीत घातली. त्या कामात माझा हात इतका चटकन चालला की आता आठवलं तरी लाज वाटते. घाई होती, कोणी बघण्याच्या आत रेघ वाळली पाहिजे.

करुणा तीन दिवसांनी आली. रॅकेट घेऊन नाही आली, मोकळीच. मैदानाच्या कडेला उभी राहून बघत होती. म्हणाली, "काका, आज मैदान लहान दिसून राहिलं."

मी चुन्याची बादली घासत होतो. म्हटलं, "सिमेंटचं मोठं मैदान पाहून आली न, म्हणून."

तिनं मान हलवली. ऑफिसातली टकटक चालूच होती. मग तिनं विचारलं, "काका, मी घाबरले होते का त्या दिवशी? मले तं वाटत नव्हतं घाबरल्यासारखं. पण चेंडू बाहेर जाऊन राहिले होते. अंदरून घाबरलं असलं तर माणसाले समजते का?"

इथं मला बोलायला जागा होती. तिनं दार उघडून दिलं होतं. मी बादलीत बघत राहिलो, आणि माझ्या तोंडून निघालं, "हो. घाबरली तू. मोठ्या मॅचची छाती लागते. असते एखाद्याची, एखाद्याची नसते."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. आत जाऊन शांताला भेटली. शांतानं तिला बसवून ठेवलं, पण ती काही न खाताच गेली. बापाला दिलेलं एक साल अजून पुरं व्हायचं होतं, दुसरी निवड सहा महिन्यांवर होती. ती परत आली नाही. स्थळाला तिनंच हो म्हटलं असं तिचा बाप सांगायला आला. माझ्या हातात पत्रिका दिली आणि म्हणाला, "समजवावं नाई लागलं." लग्नाला शांता गेली. मी ताप आल्याचं सांगितलं.

पुढच्या वर्षी बरोबर मापाच्या मैदानावर शिकलेल्या माझ्या दोन पोरी राज्याच्या टीममध्ये गेल्या. त्यांतली एकही करुणाच्या पासंगाला पुरणारी नव्हती. कॉलेजात सत्कार झाला, मंत्री आले होते, नव्या राज्याला जुन्या गुरूंनी काय दिलं यावर ते बोलले. त्यांनी मला हार घातला आणि मी घालून घेतला. शांता मागच्या रांगेत बसली होती, ती टाळ्या न वाजवता उठून गेली. त्यानंतर वर्षातून एकदा, कधी भाजी निवडताना, कधी मी आंघोळीला निघालो असताना, ती साध्या आवाजात विचारायची, "सांगितलं का?" मी चिडायचो. म्हणायचो, "आता सांगून तिले काय भेटणार हाय? दोन लेकरांची माय झाली ते." ती म्हणायची, "मी भेटायचं नाही पुसलं." आणि कामाला लागायची.

शांता गेली त्याला आता काही वर्षं झाली. ती असताना मला वाटायचं की ही एकदा विचारायची थांबली की मी सुटलो. थांबली, तर उलटंच झालं. घरात विचारणारं कोणी उरलं नाही आणि ते सगळं माझ्याच अंगावर येऊन बसलं. करुणा नवा रायपूरला, शहराबाहेर वसवलेल्या नव्या सरकारी वस्तीत, कुठल्याशा विभागात कारकून आहे, असं तिच्या भावाकडून कळलं होतं. परीक्षा देऊन लागली, खेळावर नाही. एका सकाळी मी धुतलेला सदरा घातला आणि बसनं गेलो. रस्ते एवढे रुंद की पलीकडं माणूस उभा असला तर ओळखू येत नाही, आणि माणूस तसा नव्हताच. गेटवरच्या शिपायानं मला दोनदा विचारलं, कोण पाहिजे, काय काम आहे. म्हटलं, त्यांचा काका आहे.

ती खाली आली. चष्मा लागला होता, अंग भरलं होतं. चालताना खांदे मात्र तसेच ठेवत होती, मी शिकवले तसे. मला ओळखून पाया पडायला वाकली आणि या वेळी मला मागं सरायलाही सुचलं नाही. बाहेर झाडाच्या बाकावर बसलो. शांताकाकूचं ऐकलं, येता नाही आलं, म्हणाली. मी म्हटलं, मला एक सांगायचं आहे, मधात बोलू नको. आणि सांगितलं. दोरीचं, फितीचं, वितीचं, त्या दिवशी तू कमी मारू का म्हणालीस ते बरोबर होतं, तू घाबरली नव्हतीस, हे सगळं. माझा आवाज चांगला होता. मी घरी म्हणून बघितलं होतं.

तिनं सगळं ऐकलं. रडली नाही, रागावलीही नाही, मी दोन्हीची तयारी करून गेलो होतो. चष्मा काढून पदराला पुसत राहिली, काच स्वच्छ झाली तरी पुसत राहिली.

"तुमाले कधी समजलं होतं हे?"

"त्याच दिवशी."

"मी तीन दिवसांनं आली होती."

"हो."

तिनं चष्मा घातला. समोरून एक रिकामी सरकारी गाडी गेली ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "माझी मोठी पोट्टी हाय न काका, तिले शाळेत टेनिसमध्ये घेत होते. तिचे सर दोनदा घरी आले. मी नाई म्हटलं. म्हटलं, आपल्या घरात नाई हाय ते छाती. पोट्टी लय रडली. तिले मी म्हटलं, मी करून पाहिलं हाय, मले मालूम हाय."

मी विचारलं, नाव काय तिचं.

करुणानं नाव सांगितलं नाही. उठून उभी राहिली, हातातलं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "तुमची बस चुकल, काका."

बस तासाला एक होती. ती खरंच चुकली असती, म्हणून मी उठलो.